गाणी काढून टाकण्याआधी ती कुणासमोर तरी म्हण

"ताई, मी 26 वर्षांची आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहते आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये नोकरी करते. काही वर्षं गुरुजींकडे ख्याल शिकले, पण स्वतः लिहिते आणि चाली लावते ती गाणी साधी, आजची, गिटारवरची. साठवलेला पगार आणि मोडलेली एक एफडी असे 2 लाख घालून आठ गाण्यांचा पहिला अल्बम केला आणि दिवाळीनंतर सगळ्या ॲपवर आणला. पहिला आठवडा सगळ्यांनी स्टेटसला ठेवला, मग शुकशुकाट. सगळ्यात जास्त ऐकलेलं गाणं 700 च्या आत अडकलंय. एका समीक्षकाने सविस्तर लिहिलं, पण झोडपूनच काढलं: आवाज कच्चा, आठही गाणी सारखीच वाजतात, आणि मुलीच्या तोंडी 'मी आलो, मी गेलो' ही व्याकरणाची ढोबळ चूक. मैत्रिणी म्हणतात, तेवढं दुरुस्त करून गाणं परत टाक. गुरुजींनी ऐकलं असं कानावर आलं, पण ते काहीच बोललेले नाहीत. बाबांवर एक गाणं आहे, लक्ष्मीपुरीतलं दुकान बंद पडल्यानंतरचं. ते त्यांनी चुलतभावाच्या मोबाइलवर ऐकलं आणि तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. आता एक कंपनी आठही गाण्यांचे सगळे हक्क कायमचे, जगभरासाठी घेऊन अल्बम नव्याने लाँच करते म्हणते. एकरकमी 60 हजार. महिनाअखेर उत्तर हवंय. कधी वाटतं सगळं काढून टाकावं, कधी वाटतं नोकरी सोडून मुंबई गाठावी. काय करू?"

आठही गाणी ऐकली आणि मगच लिहायला बसले. खोटा धीर देणार नाही, तेव्हा आधी माझं मत सांगून टाकते. तीन गाणी चांगली आहेत, त्यातलं तिसरं फारच चांगलं. उरलेली पाच पुण्याच्या, नागपूरच्या, कुठल्याही गिटारवाल्या मुलीने केली असती. वाईट नाहीत, पण ती तुझी आहेत असं मला कुठे जाणवलं नाही.

तिसऱ्यापासूनच सुरू करू, कारण सगळा राडा त्याच्यावरच आहे. 'मी आलो तर दार उघडं, मी गेलो तर कडी.' अगं, आपल्याकडच्या मुली असंच बोलतात. संध्याकाळी भवानी मंडपापाशी कॉलेजच्या मुलींचा घोळका ऐक: 'मी जेवलो', 'मी चाललो क्लासला'. बाहेरगावच्या माणसाला ती चूक वाटणारच. त्याने तसं लिहिलं म्हणून तो काही दुष्ट ठरत नाही, त्याला ठाऊक नव्हतं इतकंच. पण तुला ठाऊक होतं ना? मग तू का डगमगलीस? गंमत बघ, पत्रात तू 'राहते', 'लिहिते' असं लिहिलंयस. पत्रात पाहुण्यांसमोर बसावं तशी बसलीयस आणि गाण्यात घरच्या कपड्यांत आहेस. ती ओळ दोन दिवस माझ्या तोंडात बसली ती त्यामुळेच. 'आले', 'गेले' करून बघ हवं तर. मात्रा नीट बसतील आणि गाणं निघून जाईल. मैत्रिणींना चहा पाज आणि विषय संपव.

काढायचीच असेल तर पहिल्या गाण्यातली हलगी काढायला हवी होती. हातातून निसटलेल्या माणसाचं ते गाणं, कुजबुजत म्हटलेलं, आणि मध्येच मिरवणूक आल्यासारखी हलगी कडाडते. अल्बम कोल्हापूरचा आहे हे लोकांना कळावं म्हणूनच घातलीस ना? ते तिसऱ्या गाण्यात एका क्रियापदाने कळतं.

आता त्या समीक्षकाचं खरं निघालेलं वाक्य. आठही गाणी सारखीच वाजतात, हे बरोबर आहे. सगळ्यांची लय जवळपास एकच. सगळ्यांच्या मागे तोच कीबोर्डचा धुकट पडदा. सगळीकडे आवाजावर इतका रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, की शब्द विहिरीतून आल्यासारखे येतात. पाचव्या गाण्यात तर तुझा आवाज यायलाच पाऊण मिनिट लागतं. ॲपवर 30 सेकंद ऐकलं तर ते 'ऐकलं' असं मोजतात, म्हणजे तुझा सूर कानावर पडायच्या आधीच मोजणी उरकते. ॲपच्या घड्याळाकडे बघून गाणी करू नकोस, पण शब्द ही तुझी जमेची बाजू असताना त्यांना पाऊण मिनिट ताटकळत का ठेवायचं? हे तुझ्या अरेंजरचं, म्हणजे वाद्यं बसवून देणाऱ्याचं, काम दिसतं. आठही गाणी एकाच माणसाकडे, एकाच पॅकेजमध्ये दिली असणार. पहिल्या वेळी तसंच होतं, कारण नाही म्हणायची भीड वाटते आणि स्टुडिओचं मीटर चालू असतं.

'आवाज कच्चा' यात अर्धं तथ्य आहे. तुझा आवाज मध्य सप्तकात भरलेला आहे, वर गेला की पातळ होतो, आणि तो पातळपणा झाकायला सूर यंत्राने सरळ केलेत. ऐकणाऱ्याला काय झालं ते सांगता येत नाही, पण तिथे त्याचं मन उडतं. उपाय महाग नाही. पट्टी खाली घे. गिटारवर हाताला सोप्या पडणाऱ्या कॉर्डमध्ये तू चाली बांधल्यास आणि गळ्याला त्यामागे पळवलंस, असा माझा संशय आहे. कॅपो, म्हणजे पट्टी बदलायचा गिटारवरचा चिमटा, सरकव, नाहीतर तारा उतरव, पण आधी गळा कुठे खुलतो ते शोध.

हे शोधायला गुरुजींकडेच जा. ते बोलत नाहीत म्हणजे रागावलेत असं तू धरून चाललीयस. मला तसं वाटत नाही. पॉप अल्बमबद्दल काय बोलावं हे त्यांनाच सुचत नसेल. 'कसं वाटलं?' असं विचारू नकोस, त्याला 'बरं आहे' यापलीकडे उत्तर मिळत नाही. तानपुरा लाव, तिसऱ्या गाण्याचा अंतरा नुसत्या गळ्याने म्हण आणि विचार, 'इथे माझा आवाज का सुटतो?' असल्या प्रश्नावर कुठलाही गुरू गप्प बसत नाही. शिवाय ज्या गावात तू शिकलीस तिथली गोष्ट तुला कुणी सांगितली असेलच. शाहू महाराजांच्या दरबारात आलेल्या अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अतिरेकी गाण्याने बसला होता असं सांगतात. परत आला तो पूर्वीचा नव्हता. त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली आणि तिच्यावर जयपूर-अत्रौली घराणं उभं राहिलं. तुझ्या गिटारच्या गाण्यांना त्या पंगतीला बसवत नाही, नाहीतर गुरुजी मलाच बोलतील. पण जो आवाज आहे त्याला धरून गाणं बांधायचं असतं, हे शिकायला कोल्हापूरच्या बाहेर जायला नको.

आता जे तुझ्या पत्रात नाही त्याबद्दल. खर्च आहे, आकडे आहेत, समीक्षक आहे, स्टेटस आहेत. पण ही गाणी तू कुणासमोर बसून गायलीस असं कुठेही नाही. मी पत्र पुन्हा तपासलं. एकही मैफल नाही, गच्चीवरची बैठक नाही, मैत्रिणीच्या हळदीत म्हटलेलं एखादं गाणंसुद्धा नाही. खोलीतून स्टुडिओत, स्टुडिओतून ॲपवर, आणि ॲपवरून थेट समीक्षकाच्या हातात. तुला ज्याला 'प्रतिसाद' म्हणायचंय तो अजून सुरूच झालेला नाही.

बॉब डिलन या अमेरिकन गायक-गीतकाराचा दाखला देते, पण नेहमीच्या कारणासाठी नाही. बॉब डिलनची पहिली रेकॉर्ड मार्च 1962 मध्ये आली. 13 गाणी, त्यातली त्याची स्वतःची फक्त 2. वर्षभरात 5,000 च्या आसपास खपली, आणि ज्या जॉन हॅमंडने त्याला कोलंबिया कंपनीत आणलं त्याच्या नावाने कंपनीतले लोक तिला 'हॅमंडचा वेडेपणा' म्हणायला लागले. पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. हे सांगून 'तुझंही तसंच होईल' असं म्हणणारे बरेच भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. पहिली रेकॉर्ड पडली आणि पुढेही काही झालं नाही अशा हजारोंच्या गोष्टी कुणी सांगतच नाही. मला त्यातला मधला काळ महत्त्वाचा वाटतो. दुसरी रेकॉर्ड मे 1963 मध्ये आली तेव्हा तिच्यातली जवळजवळ सगळी गाणी त्याची स्वतःची होती, आणि या सगळ्या काळात तो न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या लहान लहान कॉफीहाउसांत समोर बसलेल्या लोकांना गाऊन दाखवत होता. कुठल्या ओळीला माणसं खुर्चीत पुढे सरकतात आणि कुठल्या ओळीला कप वाजायला लागतात, हे मोबाइलवरच्या आकड्यांतून कळत नाही.

तेव्हा गा. दसरा चौकातलं शाहू स्मारक लगेच बुक करायला धावू नकोस. रिकाम्या खुर्च्या बघून खचशील आणि भाड्याचे पैसेही जातील. आधी तुमची गच्ची, मग एखाद्या मैत्रिणीचा हॉल, मग शनिवारी माईक लावू देणारा एखादा कॅफे. वीस माणसं पुरे, त्यातली निम्मी तरी तुझ्या नात्यातली नसावीत. एक गिटार आणि तू. मागे ट्रॅक लावू नकोस, तो लावलास की तू परत त्या धुकट पडद्याआड जाशील. देवल क्लब ही गाण्याची संस्था 1883 पासून चालू असलेलं हे गाव आहे, इथे ऐकणारे आहेत, फक्त ते तोंडावर बोलतात. गाणं लांबलं तर मागून कुणीतरी 'आवर आता' म्हणेल. म्हणू दे. त्या समीक्षकाच्या लेखापेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे, आणि फुकट आहे. दोन-तीन महिने असं गायलीस की आठातली कुठली गाणी तुझी आहेत हे मी सांगायची गरज उरणार नाही.

समीक्षकाला उत्तर देऊ नकोस. 'मी आलो'बद्दल तू बरोबर असलीस तरीही नको. त्याला ते कधीतरी आपोआप कळेल किंवा कळणार नाही. लाना डेल रे या अमेरिकन गायिकेच्या 2012 च्या 'बॉर्न टू डाय' या अल्बमला पिचफोर्क या समीक्षेच्या मासिकाने दहापैकी 5.5 गुण दिले होते. 2021 मध्ये त्याच मासिकाने मागे वळून पाहिलं आणि ते 7.8 केले. मधल्या नऊ वर्षांत अल्बममधला एक सूरही बदलला नव्हता.

तिचंच आणखी एक. 'बॉर्न टू डाय'च्या आधी, 2010 मध्ये, तिचा एक अल्बम आला होता आणि काही महिन्यांतच विक्रीतून काढून घेतला गेला. चाहत्यांकडे त्याच्या प्रती अजून फिरतात. सांगायचा मुद्दा, काढून टाकलेलं पुसलं जात नाही, फक्त तुझ्या ताब्यातून जातं. तुझ्या चुलतभावाच्या मोबाइलमध्ये ते आहेच. म्हणून आत्ता काहीही काढू नकोस. पुढे कधी तिसरं गाणं खालच्या पट्टीत, नुसत्या गिटारवर पुन्हा रेकॉर्ड करावंसं वाटलं तर ते वेगळं म्हणून टाक, त्याला वेगळा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक घे आणि जुनंही राहू दे.

नोकरी सोडू नकोस. यावर जास्त लिहीत नाही. मोडलेली एफडी आधी पुन्हा भर.

बाबांचं अवघड आहे. ते गाणं चांगलं आहे, माझ्या तीनात ते आहे. बंद शटरच्या आत दिवा लावून बसलेला माणूस, आणि उधारी मागायला आलेल्याला 'बाबा घरी नाहीत' असं सांगणारी लहान मुलगी. त्या मुलीच्या जागी तू होतीस, त्यामुळे ते लिहायचा तुला हक्क आहे. पण ते बाबांनी तुझ्याकडून ऐकायला हवं होतं. भावकीतल्या पोराने, बहुधा जेवणाच्या वेळी, मोबाइल पुढे केला आणि सगळ्यांसमोर त्यांना स्वतःची अब्रू स्पीकरवर ऐकावी लागली. गाण्यापेक्षा हे जास्त लागलं असेल. जे स्वतःच्या घरातून गाणी काढतात त्यांना एवढं पथ्य पाळावंच लागतं: ज्याच्यावर आहे त्याला आधी ऐकवायचं. परवानगीसाठी म्हणत नाही, निदान त्याला तिसऱ्याकडून कळू नये म्हणून.

आता काय करायचं? गाण्याची माफी मागू नकोस. तसं केलंस तर ते खोटं होतं असा अर्थ निघेल, आणि ते खोटं नव्हतं हे दोघांनाही माहीत आहे. माफी मागायची ती कसं कळलं याची. आईला मध्ये घालू नकोस, तिला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागेल. त्यांच्याबरोबर एकटी बस. रंकाळ्याला चक्कर मारायला जात असतील तर बरोबर जा. चालता चालता बोलणं सोपं जातं, एकमेकांकडे बघावं लागत नाही. त्यांना सांग की अल्बममधून गाणं निघणार नाही, पण ते 'चालेल' म्हणेपर्यंत तू ते कोल्हापुरात कुठेही गाणार नाहीस. मुंबई-पुण्यात गायचं तर गा. इथे त्यांना पेठेतून चालत जायचं असतं. हे बंधन तुला जाचेल, तरी पाळ. ते कधी 'चालेल' म्हणतील की नाही हे मी सांगू शकत नाही.

राहिली कंपनी. आधी हिशेब. स्पॉटिफायने 2024 पासून नियम केलाय की मागच्या 12 महिन्यांत एखादं गाणं निदान 1,000 वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याच्या ध्वनिमुद्रणाचे पैसे जमाच होत नाहीत. म्हणजे तिथे आज तुझी आठही गाणी शून्य कमावतात. शून्य कमावणाऱ्या गाण्यांना कुणी 60 हजार देत असेल तर तो काही तुझ्यावर उपकार करत नाही. त्याला त्यात पुढचं काहीतरी दिसतंय: मालिकेचं शीर्षकगीत, जाहिरात, एखाद्या नामवंत गायिकेकडून पुन्हा गाऊन घेणं. बहुतेक ते तिसरंच असेल, आणि बाकीची सात सोबत पोत्यात.

'कायमचे' म्हणजे किती ते बघ. शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट तुझ्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर 60 वर्षं असतो. तू ऐंशी वर्षं जगलीस असं धर. 60 हजार भागिले आठ गाणी भागिले साधारण 114 वर्षं. गाण्यामागे वर्षाला 66 रुपये पडतात. एवढ्यात तुला चांगल्या ठिकाणी एक मिसळ मिळायची नाही.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 असं सांगतं की करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. 'कायमचे' आणि 'जगभरासाठी' हे शब्द त्यांनी उगाच घातलेले नाहीत. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा सोडून देता येत नाही, करारात तसं लिहून घेतलं तरीही. 'सर्व मोबदला मिळाला, यापुढे काही मागणार नाही' अशी ओळ त्यांच्या कागदात असेलच, तिला घाबरू नकोस आणि तिच्यावर सहीही करू नकोस. आयपीआरएस या संस्थेची गीतकार आणि संगीतकार म्हणून सभासद हो. शब्द-चालीचा वाटा तिच्यामार्फत येतो, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. ध्वनिमुद्रणाचे पैसे तू घातलेस म्हणून निर्माती तू, पण अरेंजरशी आणि स्टुडिओशी तसं कागदावर आहे का? नसेल तर या आठवड्यात करून घे. संबंध चांगले आहेत तोवर सही मिळते.

'नव्याने लाँच' या शब्दांतही मेख आहे. सायमन आणि गारफंकल या अमेरिकन गायकजोडीची पहिली रेकॉर्ड 1964 मध्ये आली आणि पडली, दोघं पांगले, सायमन इंग्लंडला गेला. 1965 मध्ये निर्माता टॉम विल्सनने त्यातल्या 'द साउंड ऑफ सायलेन्स'वर या दोघांना न विचारता इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम चढवले. जानेवारी 1966 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यांचं नशीब की ते गाजलं. तुझ्या तिसऱ्या गाण्यावर कुणी तुला न विचारता डीजे बीट चढवला आणि 'आलो'चं 'आले' केलं तर? विकृत केल्याबद्दल हरकत घ्यायचा हक्क कलम 57 ने हक्क विकल्यावरही तुझ्याकडे राहतो, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागेल, तीही कंपनीच्या वकिलासमोर.

महिनाअखेरची वाट बघत बसू नकोस. दोन ओळींचा ईमेल पाठव: हक्क विकायचे नाहीत, तिसरं गाणं तीन वर्षांसाठी परवान्यावर देण्याची तयारी आहे, शब्दांत किंवा चालीत बदल करायचा तर आधी लेखी संमती हवी, मसुदा पाठवा. त्यांनी लगेच फोन केला आणि 'इतक्या कागदांची काय गरज, आपण घरचेच' असं म्हणाले तर फोनवर काही कबूल करू नकोस, 'लेखी पाठवा' एवढंच म्हण. मसुदा आला तर तो कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलाला दाखव. जमिनीचे दावे चालवणारे ओळखीचे काका नकोत, फी द्यावी लागली तरी चालेल. आणि त्यांचं उत्तरच आलं नाही, तर त्यांना गाणी नको होती, हक्कच हवे होते असं समज आणि गच्चीवरच्या बैठकीची तारीख ठरव.